चार बोटांनी बुटकी

मित्रांनो, मी गावसभेच्या दालनातली एक जुनी खुर्ची आहे. अस्सल सागवानी आहे आणि थोडी गर्विष्ठही. मला घडवताना सुताराने पहिल्या गावप्रमुखाचे माप घेतले होते. तो ताडमाड माणूस, म्हणून माझे पायही उंच झाले. त्याच्यामागून आलेले सगळे प्रमुख पुरुषच होते. ते माझ्यावर ऐसपैस बसत आणि लोक माझ्यापुढे आवाज खाली आणत. मला वाटे, हा मान माझाच आहे.

मग एका निवडणुकीत कपडे शिवणाऱ्या एक बाई निवडून आल्या. सगळे त्यांना शिंपीणकाकू म्हणत. वरच्या आळीत नळ आणीन, असा त्यांनी शब्द दिला होता, कारण तिथल्या बायकांची निम्मी सकाळ चढावर पाणी वाहण्यात जाई. पहिल्या दिवशी काकू माझ्यावर बसल्या आणि त्यांचे पाय जमिनीपासून चार बोटे वर लोंबकळले. सभेत खसखस पिकली. खरे सांगते, मीही मनातल्या मनात हसले. आज त्याची लाज वाटते.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचे थोरले दीर माझ्यावर बसू लागले. तुला अवघडायला होते, तू स्टुलावर बस, बोलायचे मी बघतो, असे ते अगदी मायेने म्हणाले. सहा महिने हेच चालले. सही काकूंची आणि शब्द दिरांचा.

एके दिवशी सभेत नळाचा विषय निघाला. मंजुरीची मुदत त्याच दिवशी संपत होती. दिरांनी हात झटकले आणि वरच्या आळीचे पुढे कधीतरी बघू, असे सांगून टाकले. मागे त्या आळीतल्या बायका बसल्या होत्या. त्या नुसत्या काकूंकडे बघत राहिल्या.

काकू उठल्या. गळ्यातली मापाची पट्टी काढून त्यांनी आधी स्वतःचा पाय मोजला, मग माझा. मला घडवणारे सुतारआजोबा कामावरून थेट सभेला आले होते, करवत पिशवीतच होती. काकू त्यांना म्हणाल्या, "आजोबा, चार बोटं कापा."

"अगं, मानाची खुर्ची आहे ती," दीर म्हणाले.

"भाऊजी, माप चुकलं तर आम्ही कापड कापतो, माणूस नाही. उठा आता, तिला उलटी करायची आहे."

दीर उठले. न उठून सांगतात कुणाला. आजोबांनी आपल्याच हातांनी घडवलेले माझे पाय एकेक करून कापले. मला दुखले, पण मी थक्क होऊन त्या बाईंकडे बघत होते. माझ्यासाठी माणसे भांडली, रुसली, वर्षानुवर्षे अबोला धरून बसली. मला बदलता येते, हे मात्र कुणाच्याच डोक्यात आले नव्हते.

भुसा झटकून काकू बसल्या. दोन्ही तळवे जमिनीला टेकले. "पहिला विषय, वरच्या आळीचा नळ," त्या म्हणाल्या. हात वर होऊ लागले. सगळ्यांत शेवटी दिरांचाही हात वर गेला.

पुढे दोन बायका प्रमुख झाल्या आणि एक उंच गडीही. त्याचे गुडघे हनुवटीला टेकायला आले, तेव्हा त्याने मुकाट्याने एक जाड उशी आणली. वरच्या आळीतला नळ अजून वाहतो आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू सहसा विनवतात की आम्हाला जपा, ओरखडे काढू नका. मी तसे म्हणणार नाही. एखादी खुर्ची कुणाला उंच पडली, तर त्या माणसाला हसू नका. सुताराला हाक मारा.