सीटखालचे चोवीस लिटर

व्हॅनची चालकाशेजारची सीट चार बोल्टांवर बसवलेली होती. काटकोन सरांनी ते चारही बोल्ट सोडवले, जो ज्या भोकातून निघाला त्या भोकाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी त्याला चिकटवली, आणि मगच सीट उचलून अंगणात ठेवली. चारही बोल्ट एकाच मापाचे होते, तरी चिठ्ठ्या लागल्याच. असे न करणाऱ्याला त्यांनी तंत्रशाळेत एकतीस वर्षे सुतारखात्याच्या दाराबाहेर उभे केले होते. निवृत्त झालो म्हणून स्वतःला सवलत द्यावी, असे त्यांना वाटत नव्हते. 'काटकोन' हे नाव विद्यार्थ्यांनीच ठेवलेले. सर भिंतीवरचे कॅलेंडरसुद्धा काटकोन तपासायचा गुण्या लावून टांगतात असे मुले म्हणत, आणि त्यात खोटे काही नव्हते.

सीटखाली पोलादी चौकट होती आणि चौकटीच्या पोटात पोकळी. तिथून जॅक निघाला, चाकाचा पाना निघाला, आणि कित्येक वर्षांपूर्वी हरवलेला लोकरीचा एक हातमोजा निघाला.

"माझा मोजा!" मागून काकू म्हणाल्या. काकू म्हणजे सरांच्या पत्नी; विद्यार्थ्यांनी त्यांना काकू केले आणि पुढे सगळ्या गल्लीने तेच नाव उचलले. "बघा, तुम्ही म्हणत होतात मी बसमध्ये टाकला. अकरा वर्षं ऐकून घेतलं मी."

सर वळले, तोंड त्यांच्यासमोर नेऊन सावकाश म्हणाले, "चूक झाली. कबूल."

"काय?"

"चूक! कबूल!"

"ते ऐकू आलं होतं. पुन्हा ऐकायचं होतं," काकू म्हणाल्या आणि मोजा घेऊन आत गेल्या.

काकूंचे ऐकणे तीन वर्षांपासून वरच्या बाजूने झिजत आले होते. आधी पक्षी गेले, मग कुकरची शिट्टी, मग दाराची घंटा. कानात यंत्र बसवल्यावर समोरासमोरचे बोलणे कसेबसे हाती लागले, पण गाणे मात्र हातचे गेले. गाडीत टेप लावला की त्या कपाळाला आठ्या घालत आणि म्हणत, "बंद करा हो, पत्र्यावर खडे पडल्यासारखं वाटतं." कोणतेही गाणे असते तर सरांनी एवढे मनावर घेतले नसते. पण तो टेप दादाचा होता.

दादा म्हणजे काकूंचा थोरला भाऊ. तंत्रशाळेच्या वाद्यवृंदात तो ड्रम वाजवायचा. पायाने वाजवायचा तो मोठा, जमिनीवरचा ड्रम हा त्याचा जीव की प्राण. त्याची एक खोड होती: गाण्याच्या प्रत्येक फेरीचा शेवटचा ठोका तो वेळेवर द्यायचा नाही. सगळा वृंद थांबायचा, श्रोते श्वास रोखायचे, आणि मग मनात येईल तेव्हा दादा पाय हाणायचा. कधी डोळ्याचे पाते लवेपर्यंत थांबायचा, कधी चांगला घोटभर पाणी पिऊन होईपर्यंत. वृंदप्रमुख त्याच्यावर दात-ओठ खायचा, लोक टाळ्या वाजवायचे. दादा जाऊन आता बावीस वर्षे झाली. त्याच्या वाजवण्याची ती एकच कॅसेट उरली होती, आणि दर महिन्याला एकदा तलावाकडे गाडी काढून ती ऐकायची, हा या दोघांचा रिवाज. तीन वर्षे फेरी चालू होती, कॅसेट बंद होती. जाताना-येताना काकू खिडकीबाहेर बघत. परवा त्या सहज बोलाव्यात तशा बोलून गेल्या, "दादाचा हात कसा होता, ते आता आठवून बघावं लागतं. आणि आठवत नाही."

त्या दिवसापासून सरांची झोप उडाली होती.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितले होते की वरचे सूर गेले तरी खालचे, खर्जाचे बरेच शाबूत आहेत. सरांनी वहीत गाडीचे चित्र काढले. दारातले स्पीकर तळहाताएवढे; ते खर्ज देणार कुठून? गाडीतून निघत होते ते नेमके काकूंचे गेलेले सूर, आणि मिळायला हवे ते गाडीत निघतच नव्हते. म्हणजे दोष काकूंच्या कानाइतकाच गाडीचाही होता. गाडीचा दोष सरांना दुरुस्त करता येत होता.

त्यांनी दहा इंची चपटा सबवूफर आणला. सबवूफर म्हणजे फक्त खर्जाचा स्पीकर. पण तो नुसता ठेवून भागत नाही, त्याला बंद पेटी लागते, आणि पेटीच्या पोटात हवा किती, यावर त्याचा सूर ठरतो. सोबतच्या कागदावर आकडा होता: चोवीस लिटर. पेटी कुठे बसवायची, हे मात्र सरांनी कागदाला विचारले नाही. ते त्यांना बेचाळीस वर्षांपासून माहीत होते.

तेव्हा ते स्वतः तंत्रशाळेत दुसऱ्या वर्षाला होते. स्नेहसंमेलनासाठी स्पीकरची भली मोठी पेटी त्यांनीच बनवली होती आणि रंगमंचाच्या कडेला तिची राखण करत उभे होते. सभागृहात खुर्ची शिल्लक नव्हती. एक मुलगी सरळ आली आणि पेटीवर बसली.

"त्यावर बसू नका," ते म्हणाले. "स्क्रू नवे आहेत."

"ड्रमवाला माझा भाऊ आहे," ती म्हणाली.

"त्याचा स्क्रूंशी काय संबंध?"

"तो इथून पोटात वाजतोय. उठवू नका मला."

त्यांनी उठवले नाही. कार्यक्रम संपल्यावर पेटी तपासली. एकही स्क्रू ढिला नव्हता. ही गोष्ट त्यांनी पुढे दादाला सांगितली तेव्हा दादा म्हणाला होता, "लेका, मुलगी बघायची सोडून तू स्क्रू बघत होतास?"

तर पेटी काकूंच्या सीटखालीच बसणार होती. पोलादी चौकटीला हात लावायचा नाही, सीट तिच्यावरच; पेटी चौकटीच्या पोटात, तोंड वर. सरांनी अठरा मिलिमीटरचे प्लायवुड कापले. पुठ्ठ्याचा नमुना आधी, मग लाकूड, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. चाळीस, छत्तीस, वीस सेंटिमीटर. चाकाच्या फुगवट्यासाठी एक कोपरा तिरका छाटलेला. त्या एका तिरक्या फळीने त्यांचे दोन दिवस खाल्ले. फुगवट्याच्या पलीकडे, पत्र्याच्या मागे, आणखी एक वेडीवाकडी बोळकांडी होती. तिच्यात एकही सरळ रेषा नव्हती, म्हणून सरांनी तिच्याकडे बघितले आणि सोडून दिली. सांध्यांना सरस, सरसावर स्क्रू, आतून फटी बुजवायला पुट्टी. अॅम्प्लिफायर चालकाच्या सीटखाली, बॅटरीजवळच्या तारेवर फ्यूज. सगळे नेटके, सगळे मोजून.

पहिल्या चाचणीला काकू नवी साडी नेसून बसल्या. सरांनी कॅसेट लावली. सीटखालून घुंघूं असा आवाज आला, डब्यात भुंगा कोंडल्यासारखा. कोणत्याही ठोक्याला तोच एक सूर. सरांनी काकूंकडे बघितले.

"छान आहे हो," काकू म्हणाल्या.

हे 'छान' सर ओळखून होते. फसलेल्या भाजीला शेजारणीपुढे म्हणतात ते 'छान'. काकूंचे पाऊल जमिनीवर निवांत पडले होते, एक बोटदेखील हलत नव्हते. दादा वाजवतोय आणि हिचे पाऊल स्वस्थ आहे, असे बेचाळीस वर्षांत घडले नव्हते.

"खोटं बोलतेस," सर म्हणाले.

"दोन आठवडे कमरेत वाकून काम केलंत. खरं काय बोलू?" काकू म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी स्पीकर काढला आणि पेटी मोजायला घेतली. त्यांनी आपल्या लेकीची जुनी बीन बॅग फाडली, आतले थर्माकोलचे मणी स्वयंपाकघरातल्या लिटरच्या मापाने पेटीत ओतायला सुरुवात केली आणि प्रत्येक मापाला वहीत रेघ मारली. मणी हाताला चिकटले, चष्म्याला चिकटले, पंख्याच्या वाऱ्यावर दिवाणखान्यात गेले. सोळाव्या मापाला पेटी काठोकाठ भरली. सरांनी रिकामी करून पुन्हा भरली. सोळाच.

वही उघडून ते उंबऱ्यावर बसले. गुणाकार बरोबर होता. बेरीज-वजाबाकी बरोबर होती. आणि मग त्यांना दिसले की मापे पेटीच्या बाहेरची धरली होती. अठरा मिलिमीटरची भिंत सहाही बाजूंनी आत शिरून आठ लिटर हवा गिळून बसली होती. 'पेटी बाहेरून दिसते, पण कामाला आतून येते,' हे वाक्य त्यांनी एकतीस वर्षे फळ्यावर लिहिले होते. फळ्यावर लिहिताना एकदाही त्यांना वाटले नव्हते की ते आपल्याला उद्देशून आहे.

काकू चहा घेऊन आल्या. त्यांच्या केसांत चार मणी होते. "काय झालं?"

"बाहेरून मापलं," सर म्हणाले.

काकूंनी हे बरोबर ऐकले. त्या हसल्या नाहीत, यावरून सरांना आपल्या चेहऱ्याची कल्पना आली.

आठ लिटर आणायचे कुठून? चौकट मोठी होणार नव्हती. उरली होती ती वेडीवाकडी बोळकांडी, आणि तिथे लाकूड चालत नव्हते. शहराच्या टोकाला बसगाड्यांचे नाक-डोळे फायबरमध्ये घडवणारा एक कारखानदार होता, सरांचाच माजी विद्यार्थी. आता पन्नाशीला आलेला, पोट सुटलेला, हाताखाली सात माणसे. सर पेटी काखोटीला मारून त्याच्या दारात उभे राहिले.

फायबरवाल्याने पेटी उलटीपालटी केली आणि वही बघितली.

"सर, बाहेरून मापलं?"

"हो."

"सर, मला तुम्ही प्रात्यक्षिकात नापास केलं होतं. हत्यारांची पेटी. बाहेरून मापली म्हणून. करवत आत बसेना."

"आठवतंय."

"अख्खं वर्ष गेलं माझं."

"तेव्हा माप तुझं चुकलं होतं."

"आणि आता?"

"आता माझं," सर म्हणाले. "मला कुठे उभं करतोस? दाराबाहेर?"

फायबरवाल्याचे पोट आधी हलले, मग तो मोठ्याने हसला. "तुम्हाला उन्हात उभं केलं तर काकू मला सोडतील का? आणा गाडी आत. पण एक अट आहे सर. गुण्या बाहेर ठेवायचा."

"गुण्याने काय घोडं मारलंय?"

"इथे त्याचं काम नाही. जिथे पत्रा जाईल, तिथे आपण जायचं."

त्याने बोळकांडीत चिकटपट्टीचे थर लावले, वर फायबरची चटई अंथरली, आणि ब्रशने रेझिन, म्हणजे सुकून टणक होणारा चिकट द्रव, थापायला घेतले. सरांना सूचना देण्याची फार उबळ येत होती. त्यांनी हात पाठीमागे बांधून घेतले. थोड्या वेळाने फायबरवाल्याने दुसरा ब्रश त्यांच्या हातात दिला. रेझिनच्या उग्र वासात दोघे पुढून-मागून वाकून काम करत राहिले. सुकल्यावर तो भाग पत्र्यापासून सुटला तेव्हा सरांनी तो उन्हात धरून फिरवला. कुठेही काटकोन नव्हता, आणि तरी तो त्या जागेत असा बसत होता की नखही शिरू नये. सरांना कबूल करावे लागले की आपण आयुष्यभर जिला वेडीवाकडी म्हणत आलो, ती जागाही मोजून केलेली असते; फक्त मोजणारा दुसरा असतो.

लाकडी पेटीची मागची फळी कापून हा भाग तिला जोडला. सांध्यावर आतून दोन थर दिले. पुन्हा मणी, पुन्हा लिटरचे माप. या वेळी रेघा फायबरवाल्याने मारल्या. चोवीस भरले, वर वाटीभर.

"वाटीभर जास्त आहे, सर. गुण कापणार?"

"अक्षर वाईट आहे, त्याचे कापतो," सर म्हणाले, आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. असे त्यांनी तंत्रशाळेत कधी केले नव्हते.

रविवारी सकाळी चारही बोल्ट आपापल्या क्रमांकाच्या भोकात गेले. काकू नेहमीच्या सुती साडीत आल्या; नव्या साडीचा मान पहिल्या चाचणीने घालवला होता. सरांनी कॅसेट पेन्सिल घालून मनाला येईल तिथपर्यंत गुंडाळली होती. कुठले गाणे, कुठली फेरी, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. ओळखीच्या जागी अंदाजाने पाऊल हलवायला काकूंच्या चांगुलपणाला वाव ठेवायचा नव्हता.

"या वेळी छान म्हणायचं नाही," त्यांनी बजावले.

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नकोस."

गाडी तलावाच्या रस्त्याला लागली. सरांनी बटण दाबले आणि नजर रस्त्यावर खिळवली. सीटखालून पहिला ठोका आला. तो घुमला नाही. आला आणि गेला, जड दार हलक्या हाताने लावावे तसा. मग दुसरा. सरांच्या सीटपर्यंतही तो पोचत होता. काकूंना बोलू नको असे आपणच सांगितले, याचा सरांना आता पश्चात्ताप झाला. तिरक्या नजरेने बघावे तर पाऊल साडीच्या काठाखाली झाकलेले.

फेरी संपत आली. सगळा वृंद चढत गेला आणि एकाएकी थांबला. सरांच्या मनाने मात्रा मोजली, आणि जिथे ठोका यायला हवा तिथे त्यांच्या बोटाने स्टिअरिंगवर टक् केले. बेचाळीस वर्षे ते याच जागी चुकत आले होते.

काकूंनी मान न वळवता हात त्यांच्या बोटावर ठेवला.

"घाई केलीत," त्या म्हणाल्या. "दादा थांबलाय अजून."

आणि मग सीटखाली दादाचा पाय पडला, आणि त्याच क्षणी काकूंचा.