गळ्यावरचा हात

ती शिवणकाम करायची. एका दुपारी दुकानामागच्या बोळातून कापडाचा गठ्ठा आणताना कुणीतरी मागून तिच्या गळ्याला हाताचा विळखा घातला. तेवढ्यात शेजारचं शटर खडखडत वर गेलं आणि तो पळाला. तिला दिसली ती फक्त पाठ. चेहरा नाहीच.

घरी तिनं पाय घसरला म्हणून सांगितलं. पण तो हात काही सुटला नाही. माप घ्यायची टेप ती पूर्वी गळ्यात अडकवायची, आता तीही नकोशी झाली. गिऱ्हाईक पुरुष असला की आधी त्याच्या मनगटाकडे नजर जायची. हाच तर नसेल?

शेवटी तिनं मनाशी पक्कं केलं, स्वतःला वाचवायला शिकायचं.

"दादाला बडवायचा बेत आहे की काय, वहिनी?" धाकट्या नणंदेनं विचारलं आणि हसत हसत सोबत निघाली.

कराटेच्या वर्गात माणसं ओळीनं हवेत ठोसे मारत होती. "समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं," शिक्षक म्हणाले.

"आणि समोर कुणी नसेलच तर?" तिनं विचारलं.

ते पुढच्या ओळीकडे वळले. बॉक्सिंगच्या हॉलमध्ये नणंद भलतीच खूश झाली. "इथंच ये. निदान राग तरी निघेल." पण तिथंही सगळा मामला समोरासमोरचा.

ज्युडोचा वर्ग एका शाळेच्या तळघरात भरायचा. नणंद फोनवर बोलत बाहेरच थांबली. शिकवणाऱ्या बाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. भिंतीला पाठ घट्ट लावून उभ्या राहिलेल्या तिच्याकडे त्या जरा वेळ बघत राहिल्या.

"मागून धरलं होतं का?"

तिनं मान डोलावली. इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

"हनुवटी खाली घालायची. दोन्ही हातांनी त्याचा हात खेचायचा, वाकायचं. सुटलं की पळायचं. शौर्य गाजवत बसायचं नाही."

सरावासाठी बाईंनी मागून हात टाकला मात्र, तिचं अंग लाकडासारखं झालं. तळघरात बोळातला ओलसर वास आला. बाईंनी लगेच सोडलं. "घाई नाही. उद्या परत करू."

ती जात राहिली. मन घाबरतच होतं, पण हळूहळू अंग शिकलं.

एका सकाळी ती ओट्याशी उभी असताना नणंद मागून आली आणि लाडानं तिच्या गळ्यात पडली. पुढचं तिला कळलंच नाही. भानावर आली तेव्हा नणंद फरशीवर उताणी पडलेली, आणि तिचं मनगट हिच्या दोन्ही मुठींत.

"वहिनी, सोड. अगं, मी आहे!"

मुठी उघडेनात. एकेक बोट सोडवावं लागलं. मग तीही खाली बसली, आणि बोळापासूनचं सगळं तिनं सांगून टाकलं. नणंद खांदा चोळत ऐकत होती.

खांदा महिन्याभरात बरा झाला. तो माणूस कधीच सापडला नाही. तिनं ज्युडो सोडलं नाही, आणि नणंद दारातूनच "मी आहे गं" म्हणत आत येऊ लागली. आवाज ओळखीचा असायचा. तरी ती वळायची, आणि आधी हातांकडे बघायची.