गुरुवारच्या टाळ्या

“कबूल करून टाक, बाळा. खरं बोललं की त्या जजबाई रागवत नाहीत.”

“आई, टेस्ट काहीही म्हणू दे, मी घेतलंच नाही. आय स्वेअर!”

“मागल्या खेपेलाही असंच म्हणाला होतास.”

प्रितमने तोंड फिरवलं. कोर्टाबाहेरच्या बाकावर मायलेक शेजारी बसले होते आणि दोघांच्या मध्ये अंजनाची पर्स होती. मागच्या खेपेला तो खरंच असंच म्हणाला होता आणि त्याच आठवड्यात दुसऱ्याच्या गाडीची काच फोडताना सापडला होता. कॉलेजात असताना गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्या दुखण्याच्या गोळ्यांपासून हे सगळं सुरू झालं होतं. गोळ्या संपल्या, पण गरज संपली नाही. मग चोऱ्या, मग अटक, सुटका, पुन्हा अटक.

दुसऱ्या अटकेनंतर वकिलाने या कोर्टाची वाट दाखवली. नशेपायी गुन्हा करणाऱ्याला इथे थेट तुरुंगात धाडत नसत. उपचार घ्यायचे, सांगतील तेव्हा लघवीची तपासणी द्यायची, दर गुरुवारी जजसमोर उभं राहायचं. सगळं नीट पार पडलं तर खटला मिटणार. चुकलं आणि वर खोटं बोललं, तर तुरुंग होताच.

“असल्यानं कोणी सुधरते का?” रवी, तिचा नवरा, तेव्हा म्हणाला होता. “दोन महिन्यांत परत तिथंच दिसेल बघ.”

रवी कोर्टात एकदाही आला नाही. श्रूजबरी या त्यांच्या गावातल्या मराठी लोकांना ‘प्रितम सध्या न्यू जर्सीला असतो’ असं त्यानेच सांगून ठेवलं होतं. अंजना मात्र दर गुरुवारी डेकेअरमधल्या नोकरीतून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून यायची. तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसायची. कुणाचा आठवडा नशेशिवाय कोरा गेला की जजबाई स्वतः टाळ्या वाजवत आणि मग सगळं कोर्ट वाजवे. तिला पहिल्यांदा ते बालवाडीसारखं वाटलं होतं. पुढे पुढे त्या टाळ्यांसाठीच तिचा आठवडा सरायला लागला. नाव पुकारलं की प्रितम आधी मागे वळून आईकडे बघायचा, मग जजकडे. वर्षभर त्याचं हे चुकलं नव्हतं.

आज नाव पुकारलं गेलं. त्याने सवयीने मागे पाहिलं.

अंजनाने मान खाली घातली.

क्षणभरच. पण तेवढं त्याला पुरलं.

“मिस्टर मेश्राम,” जजबाई शांतपणे म्हणाल्या, “टेस्टमध्ये अफूच्या जातीचं काहीतरी आलंय. तुम्हाला काही सांगायचंय?”

त्याने आपल्या बुटांकडे पाहिलं.

“येस, युअर ऑनर. आय यूज्ड.”

“थँक यू फॉर बीइंग ऑनेस्ट,” जजबाई म्हणाल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या. सगळ्या कोर्टाने वाजवल्या. अंजनानेही वाजवल्या, डोळे पुसत पुसत. पोरगं खरं बोललं, एवढं तरी पदरात पडलं.

खरं बोलल्यामुळे तुरुंग टळला. पण मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून, आणि रविवारी घरी यायची परवानगी बंद. ज्या घरात तो आणि त्याच्यासारखी मुलं देखरेखीखाली राहत, तिथेच आता त्याने सगळे दिवस राहायचं. नशेशिवाय वर्ष काढल्याबद्दल जे नाणं त्याला मिळालं होतं, ते त्याने खिशातून काढून टेबलावर ठेवलं.

घरी येताना अंजनाला एकच गोष्ट टोचत होती. मागच्याच रविवारी तो किती दिवसांनी घरी जेवायला आला होता. तिने वऱ्हाडी मटण केलं होतं. “आई, रस्सा वाढ ना अजून,” म्हणत पठ्ठ्याने ताट चाटूनपुसून खाल्लं होतं. शेजारणीने दिलेले, ‘पॉपी सीड’ म्हणतात त्या काळ्या दाण्यांचे मफिन मात्र त्याने लांब सारले. “हे नको. टेस्टमध्ये येतं.” तिने ते तत्काळ कचऱ्यात टाकले होते. इतकं जपणारं पोर जेवून गेलं आणि घेतलं कसं?

पुढे दोन आठवड्यांनी रवीचा मावसभाऊ जेवायला येणार होता. अंजनाने त्याच मटणासाठी सुकं खोबरं भाजलं, काढलं आणि त्याच तव्यावर डब्यातली पांढरी खसखस टाकली. तडतड ऐकून रवी स्वयंपाकघरात आला.

“वास सुटला बापा! आमची आजी पोरं रडायला लागली की हेच उगाळून चाटवायची. अफूचंच बी ते. पोरं अशी झोपायची का—”

तो थांबला. अंजनाचा हात तव्यावरच थांबला.

त्याच बियांचे काळे दाणे तिने फेकले होते. पांढरे तिने स्वतःच्या हाताने वाटून त्याच्या ताटात वाढले होते. दोनदा.

“अंजू,” रवी म्हणाला. तव्यावरची खसखस करपली.

ती तशीच गाडी काढून निघाली, अंगाला मसाल्याचा वास घेऊन. प्रितम देखरेखीच्या त्या घराच्या पायरीवर बसला होता.

“प्रितम, रश्श्यात खसखस होती रे!”

“आय नो.”

“तुला माहीत होतं?”

“त्या दिवशी नाही. नंतर, रात्री पडल्या पडल्या लक्षात आलं.”

“मग बोलला का नाही रे? वकिलाला फोन करायचा, मला करायचा!”

“काय सांगणार होतो? इथे सगळेच म्हणतात, मी नाही घेतलं.” तो हलकेच हसला. “तू सोडून दुसरं कोण मानणार होतं, यार? आणि तू खाली बघितलंस.”

“चुकले रे मी.”

“इट्स ओके, आई. मी तरी तुला किती वेळा फसवलंय.”

त्याने ते इतक्या समजुतीने म्हटलं की तिला रडायलासुद्धा जागा उरली नाही.

पुढच्या गुरुवारी वकिलाला सांगून ती जजसमोर उभी राहिली. खोबरं, खसखस, वाटण, मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. जजबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाल्या, तुम्ही सांगताय ते खरं असेलही. पण नमुना आता नाही आणि मुलाने कबुली दिली आहे. ती कबुली कुणी द्यायला लावली, तेही अंजनाने सांगितलं. मोजणी बदलली नाही.

प्रितमने पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. एकही गुरुवार चुकवला नाही, एकही तपासणी बिघडली नाही, पोलिसांचा फोन पुन्हा आला नाही. रवीने न्यू जर्सीची गोष्ट सांगणं बंद केलं. शेवटच्या गुरुवारी तर तो इस्त्रीचा शर्ट घालून अंजनाच्या शेजारी येऊन बसला.

“मानलं बुवा,” तो कुजबुजला. “कोर्टानं पोराला सुधरवलं.”

“हो.”

नाव पुकारलं गेलं. अंजना ताठ बसली. मान वर, डोळे थेट त्याच्या पाठीवर. आज ती पापणीही लववणार नव्हती.

प्रितम उठला, मागे न वळता सरळ पुढे चालत गेला आणि जजबाईंसमोर उभा राहिला.

टाळ्या सुरू झाल्या. सगळ्यांच्या थांबल्या तरी अंजना वाजवतच होती.