उकळत्या पाण्यातला स्वेटर

सिनेमात नऊ गाणी होती. पुस्तकात एकही नाही. एका पानावर एक म्हातारा शीळ वाजवतो, तीही बेसूर.

*

लोकर गरम पाण्यात घालू नये. घातली की आटते, पुठ्ठ्यासारखी होते. मग काही केल्या ती पुन्हा मोकळी होत नाही.

*

आठवीची वार्षिक परीक्षा, चार गुण : ‘शेवटी दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून का रडतात? तुमच्या शब्दांत लिहा.’

*

एका वाचकाचं पत्र : ‘सिनेमावरून आपण इतकं सुरेख पुस्तक लिहिलंत, अभिनंदन. फक्त शेवट चुकला आहे. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करावा.’

*

दाताच्या डॉक्टरकडे समोरच्या टीव्हीवर तोच सिनेमा लागला होता. लेखिकेच्या तोंडात कापसाचे बोळे. धड ओरडताही येईना.

*

तर हे सगळं एकाच सिनेमाचं पाप.

लेखिकेने वीस वर्षांपूर्वी एक कादंबरी लिहिली. लॉन्ड्री चालवणाऱ्या घरातल्या दोन बहिणींची. थोरली दुकानातच राहते, धाकटी शिकते आणि दुसऱ्या शहरात निघून जाते. आई आजारी पडते. शेवट जवळ आलाय हे थोरली धाकटीला कळवत नाही. धाकटी पोचते तेव्हा सगळं आटोपलेलं असतं. तिला घरातलं दुसरं काही नको असतं, फक्त आईचा रोजचा राखाडी स्वेटर हवा असतो, कारण त्याला अजून आईचा वास असणार. तो स्वेटर थोरलीने उकळत्या पाण्यात घालून बाहुलीच्या मापाचा करून ठेवलेला असतो. मुद्दाम. लॉन्ड्रीत जन्म काढलेल्या बाईच्या हातून लोकर चुकून उकळत नाही. धाकटी तो एवढासा स्वेटर पिशवीत टाकते, दार ओढून घेते आणि पुन्हा त्या घराचं तोंड पाहत नाही. पुस्तक संपलं.

हे घडलं होतं. नावं तेवढी बदलली, बाकी लेखिका शपथेवर सांगायची की सगळं होतं तसंच आहे.

मग आला तो दिग्दर्शक. सोन्याच्या काड्यांचा चष्मा घालायचा, म्हणून लेखिका त्याला आजतागायत ‘सोनेरी चष्मा’च म्हणते. (यापेक्षा बरीच वाईट नावंही आहेत, ती घरात बोलायची.) त्याने लॉन्ड्रीत इतका फेस केला की दुकान कपड्यांचं की केकचं ते कळेना. धाकटीला एक गिटारवाला प्रियकर दिला. आणि शेवटी थोरली हंबरडा फोडते : “दुःखात मला काही सुचलंच नाही गं! चुकून गेला पाण्यात!” दोघी गळ्यात गळे घालतात. मागे नववं गाणं. आणि कडी म्हणजे, पुढच्या दृश्यात थोरलीने तोच स्वेटर घातलेला आहे. आटलेला. अंगात अगदी बेतून शिवल्यासारखा बसलेला.

“अहो, पुस्तकात ती मुद्दाम करते,” लेखिका पहिल्या खेळानंतर त्याला म्हणाली होती.

“बाई, लोक घरी रडत जायला हवेत. चिडत गेले तर शेजाऱ्याला सांगतात, जाऊ नका म्हणून.”

लोक रडत गेले. सिनेमा धो धो चालला. शाळेच्या पुस्तकात पुढे कादंबरीचा एक उतारा आला, पण प्रश्न काढणाऱ्या गुरुजींनी सिनेमाच पाहिला होता.

हेही लेखिकेने पचवलं असतं. पचलं नाही ते वेगळंच. सिनेमा लागल्यानंतर महिन्याभरात दारावरची घंटा वाजली. बाहेर ताई. तिची खरीखुरी थोरली बहीण, जिच्याशी ती आई गेल्यापासून, नऊ-दहा वर्षं, एक शब्द बोलली नव्हती. हातात दोन पिशव्या.

“सिनेमा पाहिला,” ताई म्हणाली. “बरं केलंस.”

आणि चपला काढून आत आली.

याला आता बारा वर्षं झाली. मागची खोली ताईची. ताईने लॉन्ड्री बंद केली होती, गुडघे गेले होते. माणसाने काय म्हणावं? ‘तो सिनेमा खोटा आहे, मी तुला माफ केलेलं नाही, पिशव्या उचल’? रोज सकाळी हे वाक्य लेखिकेच्या ओठांवर यायचं आणि चहाबरोबर खाली जायचं. ताईने पुस्तक वाचलेलं नाही, याची तिला खात्री होती. वाचलं असतं तर हे तोंड घेऊन आली असती का?

म्हणून त्या दिवशी फोन आला तेव्हा लेखिका चटकन खुर्चीत बसली.

“मॅडम, त्या सिनेमाने तुमच्या पुस्तकाचा खून केलाय,” पलीकडची तरुण दिग्दर्शिका म्हणत होती. “मला तो पुन्हा करायचाय. पुस्तकाबरहुकूम. काना-मात्रा बदलणार नाही.”

स्वतःच्या तोंडाने बारा वर्षांत जे सांगता आलं नाही, ते आता चाळीस फुटी पडदा सांगणार होता. तिकीट काढून ताईला पहिल्या रांगेत बसवायचं, बस्स.

*

दिग्दर्शिका रविवारी सकाळी करार घेऊनच आली. उंच, केस कापलेले, बुटांचा आवाज करत चालणारी. बसल्या बसल्या तिने सोनेरी चष्म्याचा असा काही उद्धार केला की लेखिकेने तिला आपल्या हाताने दुसरा कप चहा ओतला.

“तो फेस, मॅडम!”

“फेस सोडा. तो गिटारवाला!”

“तो तर मुळासकट उपटलाय मी.”

लेखिकेने पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात ताई धुतलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन बाहेर आली आणि पलीकडच्या टेबलावर घड्या घालायला लागली. दिग्दर्शिका बघतच राहिली. शर्ट हवेत उचलला, एक झटका, आणि टेबलावर पडेपर्यंत त्याची अर्धी घडी झालेली.

“मावशी, लॉन्ड्री तुमची होती ना? मी जरा फोनवर टिपू का हे?”

एकीला मॅडम, दुसरीला मावशी. लेखिकेने ते मनात नोंदवून ठेवलं.

“टीप की,” ताई म्हणाली. “पण पुस्तकात बघून करू नकोस हं. पहिल्याच प्रकरणात आधी स्टार्च आणि मग नीळ लिहिलंय हिने. उलटं आहे. हिला आम्ही कामाला हात लावू द्यायचो नाही. कॉलर जाळायची.”

लेखिकेचा हात थांबला.

“तू पुस्तक वाचलंयस?”

“आलं तेव्हाच. दोनदा.”

“म्हणजे सिनेमाच्या आधी?”

“मग काय नंतर? अगं, आठ वर्षं आधी.”

“आणि तरी तू... सिनेमा पाहून... ‘बरं केलंस’ म्हणालीस मला!”

“फुकटात माफी मिळत होती,” ताईने मोज्यांची जोडी लावली. “कोण सोडतंय? गुडघे दुखत होते. तुझ्याकडे लिफ्ट आहे.”

दिग्दर्शिकेचा फोन एव्हाना घड्यांवरून ताईच्या चेहऱ्याकडे वळला होता. दुखऱ्या नसेवर बोट ठेवायला अशा माणसांना शिकवावं लागत नाही.

“मावशी, मग खरं काय? स्वेटर चुकून गेला की मुद्दाम?”

“मुद्दाम. पाण्याला उकळी येईपर्यंत मी शेगडीपाशी उभी होते.”

लेखिकेला आनंद झाला. खोटं कशाला बोला, आनंदच झाला. बारा वर्षं पायात रुतलेला काटा निघाल्यासारखं वाटलं.

“घ्या! टिपा!” ती जवळजवळ ओरडली. “मी काय वेगळं लिहिलं होतं? मत्सर! आईचा जीव माझ्यावर जास्त, हे हिला कधी सोसलं नाही. शब्द न् शब्द खरा आहे पुस्तकातला.”

“कसला मत्सर?” ताईने हातातला टॉवेल खाली ठेवला. “आई सोळा महिने अंथरुणाला खिळलेली. तिचं हागणं-मुतणं मी काढलं. तेव्हा मत्सर करायला वेळ कुणाला होता?”

“मग का केलंस?”

“तुला मिळू नये म्हणून.”

“तेच म्हणतेय मी!”

“ऐक तरी. बाबा गेले तेव्हा तू लेख लिहिलास. शेवटी शेवटी त्यांचे कपडे ओले व्हायचे, तेही लिहिलंस. बक्षीस मिळालं तुला. आणि दुकानात गिऱ्हाइकं मला विचारायची, ‘बाबांचे कपडे आमच्या कपड्यांबरोबरच धुवायचात का हो?’ तो स्वेटर तुझ्या हाती लागला असता तर तू त्यात नाक खुपसून रडली असतीस आणि घरी जाऊन आईचा वास लिहिला असतास. आजारी माणसाला वास येतो, छोटे. तो लोकांनी कशाला वाचायचा? तो साध्या पाण्याने जाईना. उकळला.”

फोन चालूच होता.

“तरी लिहिलंसच,” ताईने टॉवेल पुन्हा हातात घेतला. “पान दोनशे अकरा. ‘त्या स्वेटरला साबणाचा आणि उन्हाचा वास असायचा.’ उन्हाचा! अगं, त्या खोलीला खिडकी होती का?”

खिडकी नव्हती. लेखिकेला ती खोली लख्ख आठवली. भिंतीच्या पलीकडे बॉयलर, कॉटखाली बादली, चोवीस तास पिवळा दिवा. शेवटच्या वर्षात ती तिथे दोनदा गेली होती. दोन्ही वेळा दारातूनच बोलून परत.

*

पुस्तक : मुद्दाम. मत्सर. ऊन.

सिनेमा : चुकून. मिठी. फेस.

ताई : मुद्दाम. वास. खिडकी नाही.

*

“मॅडम,” दिग्दर्शिका पुढे सरकली. तिचे डोळे चमकत होते. “शेवट हाच. हे आत्ता बोलल्या तसंच्या तसं. एकच दृश्य घालायचं.”

“पुस्तकात नाही ते.”

“पण खरं आहे!”

“काना-मात्रा बदलणार नाही म्हणाला होतात.”

“एकच दृश्य, मॅडम.”

“त्यानेही एकच दृश्य बदललं होतं.”

“त्याने खोटं घातलं. मी काढतेय.”

“कुणाचं?”

ताई उशांचे अभ्रे एकावर एक ठेवत होती, जणू शेजारच्या घरातलं भांडण ऐकतेय.

“पुस्तकात आहे तसंच करा,” लेखिका म्हणाली. “थोरली दुष्ट. धाकटी निघून जाते. तेवढं केलंत तर आत्ता सही करते.”

“हे ऐकल्यावर कसं करू? खिडकी नसलेल्या खोलीत ऊन कुठून आणू मी?”

“तुमच्याकडे मोठे दिवे असतात ना?”

बोलून झाल्यावर तिला कळलं की सोनेरी चष्मा हुबेहूब असंच म्हणाला असता. दिग्दर्शिकेलाही ते कळलं असावं, कारण तिने कागद गोळा करायला सुरुवात केली.

“मग नकोच. एक खोटा सिनेमा आधीच आहे, दुसऱ्याची गरज नाही.”

“नको तर नको. तोच राहू दे,” लेखिका म्हणाली. बारा वर्षं ज्याच्या नावाने खडे फोडले, तो सिनेमा तिने अशा रीतीने एका वाक्यात वाचवला. “आणि तो फोन पुसा. सगळा. माझ्यासमोर.”

दिग्दर्शिकेने तिच्यासमोर सगळं पुसलं. दारात बूट चढवताना मागे न बघता म्हणाली, “त्या सिनेमातला फेस निदान दिसायला बरा होता, मॅडम.”

बुटांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. लिफ्ट असून.

*

“केली नाहीस सही?” ताईने विचारलं.

“नाही.”

“माझ्यामुळे अडू नकोस. पडद्यावर दुष्ट दिसले तर दिसले. या वयात कोण स्थळ बघायला येणार आहे मला?”

“तुझ्यामुळे नाही.”

“ते कळलं मला.”

लेखिकेने पेनाला टोपण लावलं. नीट बसेना, दुसऱ्यांदा लावलं. सगळं गेलं तरी एक गोष्ट तिच्या हातात उरली होती आणि ती सोडायला ती तयार नव्हती.

“स्वेटरचं राहू दे,” ती म्हणाली. “वासाचंही राहू दे. पण आई जातेय हे तू मला कळवलं नाहीस. सोळा महिन्यांत आजारी आहे एवढंच म्हणालीस, शेवटचं सांगितलं नाहीस. ते पुस्तकात लिहिलंय. ते तरी खरं आहे ना?”

ताईने ढीग उचलून छातीशी धरला. वरचा शर्ट लेखिकेचा होता, तिने तो हनुवटीने दाबून ठेवला.

“खरं आहे,” ती म्हणाली. “ते बदलू नकोस.”

“म्हणजे दोष तुझाच.”

“माझाच म्हण.”

“म्हण म्हणजे? आहेच.”

“आहे,” ताई म्हणाली आणि मागच्या खोलीत गेली.

*

जायच्या आठवडाभर आधी आई ताईला म्हणाली होती, “छोटीला इतक्यात कळवू नकोस. ती येईल आणि लिहील.”