वरून सुकलेली जखम

"काचेच्या बशीत जंतू मेला म्हणजे माणूस बरा झाला, असं घरी जाऊन सांगू नका," आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या मॅडम म्हणाल्या होत्या. मी तेव्हा बशी खिडकीच्या उजेडाकडे धरून फोटो काढत होते. बशीत जेली, जेलीवर जंतूंची दुधट साय, मधोमध डाळिंबाच्या सालीच्या अर्कात भिजवलेली कागदाची टिकली, आणि टिकलीभोवती लख्ख मोकळं वर्तुळ. जंतू तिथे फिरकलेच नव्हते. मॅडमचं वाक्य मी या कानाने ऐकलं नि त्या कानाने सोडून दिलं. फोटो मात्र जपून ठेवला.

लग्नानंतर कधीतरी तो फोटो मी सासूबाईंना दाखवला. तिथून निघालेली गोष्ट त्यांच्या डाव्या पायापर्यंत गेली. पाय राहतो की जातो, इथपर्यंत. तीच सांगते आहे.

आईंची, म्हणजे सासूबाईंची, उमेदीची सगळी वर्षं सूत रंगवण्याच्या कारखान्यात गेली. पिवळ्या रंगासाठी तिथे डाळिंबाच्या साली पोत्यांनी यायच्या. त्या उकळायच्या, गाळायच्या, आणि त्या पाण्यात सुताच्या लडी सोडायच्या. सुताने बोट कापलं, वाफेने भाजलं, की बायका हात त्याच हौदात बुडवायच्या. "कधी चिघळलं नाही कुणाचं," आई सांगायच्या. त्यामुळे माझा फोटो बघून त्यांना भलताच आनंद झाला.

"म्हणजे आमचा हौद बरोबर होता तर! अगं, तुम्ही कॉलेजात फी भरून शिकलात ते आम्ही पगार घेऊन शिकलो."

त्या दिवसापासून शेजारपाजारी माझी कीर्ती पसरली. "आमची सून डाळिंबाने जंतू मारून आलीय. तलवार नको, बंदूक नको." मीही फुशारून जायचे. सासू आपलं कौतुक करते आहे म्हटल्यावर 'तसं नाही हो आई' म्हणून मध्ये कोण तोंड घालणार?

आईंना शुगर आहे. गोळ्या वेळच्या वेळी घेतात, चहा बिनसाखरेचा पितात आणि पिताना तोंड असं करतात की पाहणाऱ्याला वाटावं, शिक्षाच भोगताहेत. पायांना मुंग्या यायच्या, पुढे त्याही येईनाशा झाल्या. "बघ, गेल्या मुंग्या," असं त्या खुशीत म्हणाल्या होत्या. मलाही ते बरंच वाटलं.

माझं लक्ष होतं लेकीकडे. दीड वर्षाची, एका जागी ठरत नाही म्हणून नाव पडलं भिंगरी. ती शिंकली तरी माझ्या काळजात धस्स होतं. मोठ्या तापातून उठल्यावर तिच्या तोंडाला चव नव्हती. फक्त डाळिंब तेवढं खायची. मग घरात डाळिंबं येऊ लागली. दाणा घशात अडकेल म्हणून मी एकेक दाणा बोटांनी चेपून, बी काढून तिला भरवायची.

"तू डाळिंब सोलतेस की पोस्टमॉर्टेम करतेस?" नवरा विचारायचा.

"तू ऑफिसला जा."

"जातो. रक्त वाढेल ना पण तिचं?"

"लाल आहे म्हणून रक्त वाढत नाही, बाबा. लोह फारसं नसतं त्यात. बाकी चांगलं पुष्कळ आहे. क जीवनसत्त्व आहे, पोटॅशियम आहे, चोथा आहे."

"पण जंतू मारतं की नाही?" आई ओट्यापाशी उभ्या राहून डोळे मिचकावत विचारायच्या, आणि मी हसायची.

मग एक गोष्ट माझ्या नजरेत आली. डाळिंब सोललं जायचं, पण साली कचऱ्याच्या डब्यात नसायच्या. आता, कचऱ्याचा डबा बघणारी बाई म्हणून मला हसायचं तर हसा. लहान मूल असलेल्या घरात मी सगळंच बघते. गॅलरीतल्या कुंडीमागे एका ताटलीत साली वाळत घातलेल्या दिसल्या. त्याच सुमारास भिंगरीचं पोट घट्ट झालं. शी करताना रडायची. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. सालीने पोट बांधलं जातं, हे मला माहीत होतं. आई हिला गुपचूप काढा तर पाजत नाहीत ना?

दोन-तीनदा मी पाळतही ठेवली. अंघोळीला जाते म्हणून दारामागे उभी राहिले. आई भिंगरीला कडेवर घेऊन खिडकीतून स्कूटर मोजत होत्या. काढ्याचं नावनिशाण नव्हतं. शेवटी मी सरळ विचारलं.

"आई, हिला सालीचं पाणी देता का तुम्ही?"

त्यांच्या हातातला चमचा थांबला. "मी? हिला?"

"नाही, साली वाळत घातलेल्या दिसल्या म्हणून..."

"अगं, मी माझ्या दोन पोरांना वाढवलं ते काय तुझी परवानगी घेऊन? नातीला चोरून औषध पाजीन मी?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "साली माझ्या केसांसाठी आहेत. जा आता."

त्या केसांना काहीच लावत नाहीत, हे मला ठाऊक होतं. पण आधीच एक आळ घेऊन बसले होते, दुसरा घ्यायचा धीर झाला नाही. घरात सगळे एकमेकांशी जरा जास्तच गोड बोलू लागले. भिंगरीचं पोट तिच्या डॉक्टरांनी पाणी वाढवायला सांगून ताळ्यावर आणलं. मीच तिला दूध जास्त नि पाणी कमी देत होते. म्हणजे साली कुणाच्या पोटात जात नव्हत्या. मग जात कुठे होत्या?

उत्तर धुण्यात सापडलं. आई थंडीमुळे मोजे घालतात, असं मी धरून चालले होते. मोजे उलटे करून भिजवताना दिसलं, डाव्या मोज्याच्या तळाला, अंगठ्याच्या खालच्या फुगीर भागी पिवळट तपकिरी डाग होता. दुसरी जोडी काढली. पुन्हा डावाच, पुन्हा तिथेच. तिसरा मोजा मी नाकाशी नेला आणि तसाच बादलीत टाकला.

आई गॅलरीत ऊन खात बसल्या होत्या. भिंगरी त्यांच्या चपला आलटून पालटून पायात घालत होती.

"आई, डावा पाय दाखवा."

"पाय? का गं, पैंजण आणलेस?"

"दाखवा ना."

"काही नाही त्याला. चपलेतला खडा लागला होता. कधीच सुकलं."

"सुकलेलंच दाखवा."

त्यांनी बराच वेळ घेतला. आधी पदर सावरला, मग भिंगरीला हाक मारली, मग ऊन डोळ्यांवर येतं म्हणून खुर्ची वळवली. शेवटी मोजा उतरवला आणि पाय माझ्या मांडीवर ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर चक्क अभिमान होता.

"बघ. तुझ्या टिकलीसारखी साल वाटून रोज लावते. आहे का कुठे ओल? आहे का लाली?"

खरंच नव्हती. अंगठ्याखाली रुपयाएवढा गोल होता. तपकिरी, कडक, कोरडा, जुन्या पट्ट्याच्या चामड्यासारखा. क्षणभर माझा जीव भांड्यात पडला. पण मग मोज्याला कसला वास होता? मी त्या गोलाच्या कडेला अंगठ्याने दाबलं. कड उचलली गेली आणि खालून घट्ट पिवळा पू आला. मी दाबतच राहिले, तो येतच राहिला. आणि आई वर भिंगरीला सांगत होत्या, "उलटी घातलीस की चप्पल, वेडाबाई." त्यांना काहीच कळलं नव्हतं. माझा अंगठा त्यांच्या जखमेत होता आणि त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नव्हता. मुंग्या बऱ्या झाल्या नव्हत्या, शुगरने पायाची जाणीवच गेली होती.

मी फार भित्री आहे, पण इतकी कधी भ्यायले नव्हते.

नवरा धावत आला. दवाखान्यात सर्जनने ती कडक खपली कापून काढली. आतली जखम बाहेरच्या गोलाहून कितीतरी मोठी होती, हाडाच्या दिशेने गेलेली. "हाडापर्यंत पोचली असेल तर अंगठा काढावा लागेल. वर चढली असेल तर पुढचं बोलू," ते म्हणाले. एक्स-रे काढायला आईंना आत नेलं. आम्ही बाकावर बसलो. नवरा मोजा हातात धरून बसला होता. भिंगरी त्याच्या मांडीवर झोपली.

हाड वाचलं होतं. थोडक्यात, पण वाचलं होतं. 

"काय लावत होता?" सर्जनने आईंना विचारलं.

"डाळिंबाची साल. जंतू मरतात तिने. आमच्या सूनबाईने स्वतः बघितलंय."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण ते हसले नाहीत. मला विचारलं, "लॅबमध्ये?" मी मान हलवली. "खरं आहे ते," ते म्हणाले. "सालीत टॅनिन असतं. जंतूंना ते सोसत नाही. पण बशीत जंतू उघड्यावर पसरलेले असतात, औषध थेट त्यांच्या अंगावर जातं. इथे ते मांसात खोल बसलेत, रक्तातली साखर त्यांच्या मदतीला आहे, आणि पायाला रक्तच कमी पोचतंय. टॅनिनने कातडं कमावतात, ठाऊक आहे ना? तेच झालं. वरची कातडी कमावली गेली. झाकण बसलं. आतला पू आतच राहिला."

आई बिछान्यावर पडल्या पडल्या छताकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे गाठीखालचं सूत."

"म्हणजे?"

"लडी बांधतात ना डॉक्टर, ती गाठ घट्ट बसली तर वरून लडी पिवळीजर्द दिसते, आणि गाठीखाली सूत पांढरं फटक राहतं. नवी बाई वरचा रंग बघून लडी वाळत टाकते. जुनी बाई गाठ सोडून बघते." जरा थांबून त्या पुटपुटल्या, "मी जुनी बाई ना गं?"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाय कापतील असं ऐकूनही ते आलं नव्हतं.

घरी आल्यावर पट्टी बदलताना मी विचारलं, "आई, सांगितलं का नाही? मी घरातच होते."

"तू घरात होतीस, पण तुझा जीव भिंगरीत होता. आणि असायलाच हवा."

"हे काही उत्तर झालं?"

"पायाला जखम आहे म्हटलं असतं, तर तू हिला माझ्या कडेवर दिली असतीस? तोल जाईल, जंतू लागतील. तू मला सतरंजीवर बसवून हिला लांबून दाखवली असतीस. खरं सांग."

मी खरं सांगितलं नाही, कारण त्यांना ते माहीत होतं. भिंगरी तेव्हा आमच्या दोघींच्या मधून वाट काढत होती. मी तिला उचललं आणि त्यांच्या मांडीवर बसवलं, दुखऱ्या पायाच्या उलट बाजूला. माझा हात मागून धरलेलाच होता. आईंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, "राहू दे हात. तुझी ती खोड काही जायची नाही."

जखम भरायला फार वेळ लागला. रोजची पट्टी, प्रतिजैविकं, पायावर भार नको म्हणून खास चप्पल. तिला आई जहाज म्हणतात. डाळिंब घरातून गेलं नाही. आहार सांगणाऱ्या बाईंनी रसाऐवजी दाणे खायला सांगितले, तेही वाटीभरच, कारण रसाने साखर पटकन चढते आणि त्यात चोथाही नसतो. आई दाणे खातात आणि मला टोमणा मारतात, "आत गेलेलं डाळिंब तरी मान्य आहे ना तुमच्या विज्ञानाला?" मान्य आहे. हृदयासाठी ते चांगलं असावं असं दाखवणारे अभ्यास आहेत, रक्तदाब थोडा उतरतो असंही काहींत दिसलंय. पण आता मी हे सगळं सांगते तेव्हा कुठवर माहीत आहे आणि कुठून पुढे माहीत नाही, तेही सांगते. त्याने ऐकणाऱ्याचा उत्साह कमी होतो. होऊ दे.

पाय बरा होत आला तशा आईंनी कारखान्यातल्या जुन्या मैत्रिणींना फोन लावायला सुरुवात केली. "तब्येत कशी आहे" वगैरे काही नाही. थेट, "कॅमेरा खाली कर. पाय उचल. तळवा दाखव. दाखव गं, मी काय तुझं लग्न जमवतेय?" एकीने खूप आढेवेढे घेतले, तिलाही शुगर आहे, आणि ती एकटी राहते. "साल लावलीय, सुकलंय," ती म्हणाली. आईंनी तिला फोन ठेवूच दिला नाही. दुसऱ्या दिवशी माझा नवरा तिला दवाखान्यात घेऊन गेला.

म्हणून हे लिहिलं. तुमच्या ओळखीत शुगर असलेलं कुणी असेल, आई, सासरे, मावशी, वरच्या मजल्यावरचे एकटे काका, तर त्यांना "बरं आहे ना?" असं विचारू नका. ते हो म्हणतील, आणि त्यांना ते खरंच वाटत असेल. उजेडात बसवा, मोजा काढा, तळवा बघा, बोटांच्या मधली जागा बघा. कुठे कडक, कोरडं, सुकलेलं दिसलं तर हायसं वाटून उठू नका, घरच्या घरी दाबत किंवा कापतही बसू नका. डॉक्टरांना दाखवा. ज्यांचा पाय बघाल ते चिडतील, पाय मागे घेतील, तुमची टिंगल करतील. तरी बघा. आजच बघा.