चाळीचं नाक

साठवणीच्या चाळीत कांदा सडायला लागला की घरात सगळ्यांच्या आधी थोरल्या जावेला कळायचं. ढिगाच्या कडेने चालता चालता ती थांबायची, "इथे," म्हणायची. तिथे हात घातला की लिबलिबीत कांदा निघालाच म्हणून समजा. दीर तिला 'चाळीचं नाक' म्हणायचे आणि ती वरवर रागवायची.

यंदा तापातून उठली ती वासाची जाणीव गमावूनच. दूध करपलं तरी पत्ता नाही. पण बोलली नाही कुणाला. रोज सकाळी चाळीला फेरी मारायची आणि सांगायची, "ठीक आहे सगळं."

एका दुपारी धाकटी जाऊ चाळीखाली झाडायला वाकली, तर तळाच्या फळ्यांच्या फटींतून काळपट पाणी ठिबकत होतं. चिलटांचा नुसता थवा.

"ताई, हे काय हो?"

थोरलीने जवळ येऊन वाकून पाहिलं. "सकाळीच तर बघून गेले मी."

"मला कधीपासून वास येतोय. म्हटलं, ताई ठीक म्हणतायत, तर आपण कशाला नाकाने कांदे सोला?"

थोरली मटकन खाली बसली. "मला वास येत नाही गं. तापापासून. काहीच कळत नाही."

ओठांवर आलेलं धाकटीने गिळलं आणि पदर खोचला. "बरं. आधी हे उपसू या."

सडका खाली, कोंब आलेला वेगळा, चांगला सावलीत पसरायचा. पाट्यांवर पाट्या. मधला सगळा ढीग बसला होता, हात घातला की बोटं आत रुतायची. ऊन उतरलं तेव्हा निम्मी चाळ उकिरड्यावर गेली होती.

"घरात काय सांगायचं?" थोरलीने पाटीशेजारी बसत विचारलं.

"खरं तेच. ओरडतील, मग जेवतील." धाकटीने कंबरेवर हात ठेवून पाठ ताणली. "उद्यापासून फेरी मी मारते. तुम्ही बरोबर या. कुठे हवा कोंडते ते मला कुठे ठाऊक?"

थोरलीला हायसं वाटलं आणि आतून काहीतरी तुटल्यासारखंही. खास आपलं म्हणावं असं एवढं एकच काम होतं, तेही गेलं. तिने मान हलवली आणि उठायला जमिनीवर हात टेकला. धाकटीने हात पुढे केला. तो धरून ती उठली, आणि उरलेली पाटी दोघींनी दोन्हीकडून उचलली.