चौथा नट

“तेल पाजून काही उपयोग न्हाई, ताई. डोकंच गोल झालंय ह्याचं,” मन्मथ म्हणाला आणि त्यानं पाना बाजूला ठेवला.

नांदेडच्या लातूर फाट्यावर त्याचं गॅरेज होतं. पत्र्याचं, दोन गाड्या कशाबशा मावतील एवढं. आत वर्षाराणीची वीस वर्षांची मारुती जॅकवर उभी होती. मागच्या डाव्या चाकाचे तीन नट निमूटपणे निघून वाटीत पडले होते. चौथा मात्र हट्टाला पेटलेल्या म्हशीसारखा जागचा हलत नव्हता. त्याचे सगळे कोपरे झिजून गेले होते आणि कुठलाही पाना लावला तरी तो त्याच्यावर नुसता गरगर फिरायचा.

वर्षाराणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. मन्मथची दहा-बारा वर्षांची गिऱ्हाईक. आज रविवार बघून, बसक्या चाकात वाटेत दोनदा हवा भरून, ती स्वतःच गाडी घेऊन आली होती.

“कसाही काढा, मन्मथभाऊ. उद्या हदगावचं गिऱ्हाईक गाडी बघायला यायलंय.”

“विकायल्या का? इंजिन तर लई चांगलं हाय की.”

“घरात नको ही गाडी. वर्षभर ताडपत्रीखाली उभी हाय. हिच्याकडं बघवत न्हाई.” ती स्टुलावर बसली. “ह्या नटापायी मला आप्पाचं तोंड दिसलं न्हाई.”

मन्मथ छिन्नी शोधत होता. त्याचा हात खोक्यातच राहिला.

मग तिनं सगळं सांगितलं. गेल्या वर्षी दुपारी चाकूरहून फोन आला, की वडील, शरणप्पा, गेले. नवरा अमरेश गाडी चालवत होता. माळाकोळीच्या पुढं गेल्यावर चाक बसलं. स्टेपनी होती, जॅक होता, दहा मिनिटांचं काम. तीन नट सुटले आणि चौथ्यानं दावा साधला. अमरेशनं जोर लावला, पान्यावर उभा राहिला, पाना सटकला आणि नटाचे कोपरे गेले. दोन ट्रकवाले थांबले, त्यांनीही हात टेकले. तिकडं चाकूरला माणसं खोळंबली होती. लिंगायतांची माती, मढं खड्ड्यात बसवायचं, विभूती लावायची, बेल वाहायचा आणि प्रत्येकानं मूठ मूठ माती द्यायची. दिवस मावळायच्या आत सगळं उरकायला हवं म्हणून विधी करणाऱ्या स्वामींनी घाई केली. लेकीची वाट बघायची तेवढी त्यांनी बघितली. मिळेल ते वाहन धरून वर्षाराणी पोचली तेव्हा लोक समाधीवर पाणी शिंपडत होते.

“भावानं बोट दाखवून सांगितलं, इथं बस. मी मातीला हात लावला. दिवसभराच्या उन्हानं कोमट होती. त्यांच्या अंगासारखी वाटली मला.”

बाहेर रस्त्यावरून ऊस वाहणारा ट्रॅक्टर गेला, तसा तिनं आवाज चढवला.

“आणि आमचे हे काय म्हणतात ठाऊक हाय? म्हणतात, नट आधीच फसलेला होता. मी म्हणलं, तुमच्या हातानं गोल झाला, मी डोळ्यानं बघितलं. आपली चूक दुसऱ्यावर कशाला ढकलता? गाडी दुसऱ्याकडून ओढून घरी आणली, त्या दिवसापासून त्यांनी स्टेअरिंगला हात लावला न्हाई. कामाला बसनं जातात. मी बी कामापुरतंच बोलते. ताट वाढते, पुढं सरकवते. बस्स.”

“कधीची म्हणायची ही गोष्ट?” मन्मथनं विचारलं.

“शिवरात्रीच्या आठ दिवस आधीची. तुमच्याकडून ब्रेकचं काम करून नेली होती न्हाई का, त्याच्या चौथ्या दिवशी.”

ती अगदी सहज बोलली. तिच्या मनात काहीसुद्धा नव्हतं. पण चोराच्या मनात चांदणं, तशी मन्मथची गत झाली. तो चाकाआड बसला आणि उगाच जॅक तपासू लागला.

त्याला तो दिवस लख्ख आठवला. भाच्याचा साखरपुडा होता भोकरला, बारा वाजताचा. घरून बायकोचे, अंबिकाचे, तीन फोन येऊन गेले होते. ब्रेकचे शू बदलून झाले होते, चाक तेवढं चढवायचं होतं. मन्मथ ज्यांच्या हाताखाली शिकला त्या सलीम उस्तादांचा एक नेम होता, “पैले उंगली, फिर पाना.” नट आधी बोटांनी चार आटे फिरवायचा. सरळ बसला तर तो लोण्यासारखा जातो, वाकडा बसला तर बोटाला लगेच कळतं, आणि मगच पाना हातात घ्यायचा. हा नेम मोडला म्हणून उस्तादांनी त्याला एकदा दिवसभर नुसते नट फिरवायला बसवलं होतं. त्या दिवशी मन्मथनं तीन नट बोटांनी चढवले आणि चौथा थेट पान्यात घालून फिरवला. तो दोन आटे गेला आणि अडला.

कळलं होतं. इथंच तर सगळी गोम होती. आटे तिरपे लागल्याचं त्याच्या हाताला त्याच क्षणी कळलं होतं. नट परत काढायचा, ज्यावर तो चढतो तो स्टड बदलायचा, म्हणजे अर्धा तास मोडला असता. मन्मथनं पान्याला पाइप लावला आणि त्याच्यावर उभा राहिला. नट करकरत आत गेला. पुढच्या खेपेला बघू, असं म्हणून त्यानं हात धुतले आणि भोकरला जाऊन दोनदा जिलेबी मागून घेतली.

आता त्यानं छिन्नी नटाच्या अंगावर धरली आणि हातोड्याचा घाव घातला. मग दुसरा, तिसरा. कान बधिर होईपर्यंत तो ठोकत राहिला. थांबला असता तर बोलावं लागलं असतं. विसाव्या घावाला नट चिरला आणि त्याची दोन शकलं त्याच्या तळहातावर आली.

आतले आटे एका बाजूला पार चेंगरून तिरपे झाले होते. कुठल्याही मेकॅनिकनं बघितले असते तर एका नजरेत ओळखलं असतं. मन्मथनं मूठ मिटली. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि भंगाराचा डबा तर हाताशीच होता. उद्या गाडी हदगावला गेली असती, नट भंगारात, आणि कुणाला काही कळलं नसतं.

“निघाला का?” वर्षाराणी उठून आली. “काय झालं होतं त्याला?”

“गंज,” मन्मथ म्हणाला. “गंज धरला होता.”

त्यानं दोन्ही शकलं खिशात टाकली, चाक उतरवून जुना स्टड ठोकून काढला, नवा बसवला. स्टेपनी चढवली. तीन जुने आणि एक नवा, चारही नट बोटांनी फिरवले, एकेक करून, नेमानं. वर्षाराणी बघत होती आणि तिच्या डोक्यात काहीतरी चाललं होतं.

“गंज असता तर चारीला धरला असता की, मन्मथभाऊ. बाकीचे तीन कसे निघाले?” ती म्हणाली. “तुम्ही माझ्या मालकाला पाठीशी घालू नका. त्यांच्या धसमुसळेपणानंच झालं ते. आज घरी गेल्यावर सांगतेच त्यांना, मन्मथभाऊंनी बी बघितलं, तुम्हीच वाटोळं केलं म्हणून.”

मन्मथनं पाना खाली ठेवला. एका भल्या माणसाला त्यानं वर्षभर गुन्हेगार करून ठेवलं होतं, ते नकळत. आता त्याच माणसाविरुद्ध त्याला साक्षीला उभं केलं जात होतं, आणि हे मात्र कळून सवरून होणार होतं. त्याला स्वतःची किळस आली.

“ताई, माझं नाव घेऊ नका.”

“का?”

त्यानं खिशातून शकलं काढून तिच्यापुढं धरली.

“हे आतले आटे बघा. तिरपे हायत. नट आडवा चढला की असं होतं. मग तो पैलवानाच्यानं बी निघत न्हाई, वरचं डोकंच झिजतं. तुमचे मालक खरं बोलायले होते. आधीच फसलेला होता.”

“मग चढवला कुणी?”

“मी.” मन्मथ म्हणाला. “साखरपुड्याला जायची घाई होती मला. तवाच कळलं होतं, ताई. कळून बी पाइप लावून आवळला. आन् मघाशी गंज म्हणलो, ते बी खोटं बोललो.”

तिनं आरडाओरडा करावा, चारचौघांत त्याची अब्रू काढावी, असं त्याला मनापासून वाटत होतं. तेवढंच अंगावरचं ओझं उतरलं असतं. पण तिनं दोन्ही शकलं हातात घेतली, एकमेकांना जोडून पाहिली आणि पुन्हा सोडवून आतल्या आट्यांवरून बोट फिरवलं.

“चौदा महिने,” ती म्हणाली. “आप्पाच्या वर्षाच्या पुण्यस्मरणाला बी मी त्यांना सगळ्यांच्या मागं बसायला लावलं. ते काही बोलले न्हाईत. गुमान बसले.”

“माझी चूक हाय, ताई. मी येऊन सांगतो त्यांना.”

“तुम्ही सांगून मोकळे झालात, भाऊ. माझं काय? मी कोणतं तोंड घेऊन घरी जाऊ?”

खरं बोलल्यावर जिवाला हलकं वाटतं, असं तो ऐकून होता. इथं तर त्याचं ओझं तसूभर कमी झालं नव्हतं आणि तेवढंच दुसरं एक ओझं त्यानं तिच्या डोक्यावर ठेवलं होतं.

ती गाडीत जाऊन बसली. किल्ली लावली, पण फिरवली नाही. मग पर्समधून फोन काढून तिनं नंबर लावला. दार उघडंच होतं, त्यामुळं पलीकडचा आवाज मन्मथला स्पष्ट ऐकू आला.

“हॅलो? वर्षा, काय झालं? गाडी बंद पडली का?”

तिनं पदर तोंडात धरला.

“अगं, बोल की. कुठं हायस? मी येऊ का?”

चौदा महिने ताट पुढं सरकवून घेतलेला माणूस विचारत होता, मी येऊ का. मन्मथनं मान खाली घातली.

“या,” ती कशीबशी म्हणाली. “मन्मथभाऊच्या गॅरेजवर हाय मी. लवकर या.”

मन्मथनं साबणाच्या चुऱ्यानं कोपरापर्यंत हात धुतले, शर्टाच्या गुंड्या लावल्या आणि भर उन्हात रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. थोड्या वेळानं वर्षाराणी गाडीतून उतरली आणि त्याच्यापासून चार हातांवर येऊन थांबली. सिडकोतल्या तिच्या घराकडून येणाऱ्या प्रत्येक ऑटोत दोघं वाकून बघत होते.